एकच खिडकी

अश्फाक सोलकरच्या दुकानात
काचेची एक पेटी आहे.
आत मोबाइल ठेवतो, बाहेरून रिंग देतो,
झाकण लावतो.
मोबाइल नुसता थरथरत राहतो
झाकलेल्या टोपातल्या कुर्लीसारखा.

"बघा ताई, आवाज काचेतून कमी येतो,
फटीतून जास्त. वारा शिरतो तिथूनच तोही शिरतो.
सरकती नको. दारासारखी मिटणारी घ्या,
चारी बाजूंनी रबर."
काचा दोन. एक सहाची, एक चारची,
मुद्दाम सारख्या नाहीत,
म्हणजे एकीला जो सूर लागतो
तो दुसरीला लागत नाही.
(मला आमचं दोघांचं आठवलं. बोलले नाही.)

तीन खिडक्यांचा हिशेब करून
त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
एकच, मी म्हटलं.
"कुठली?"

मी सिव्हिलला रात्रपाळी करते.
सकाळी साडेआठला डोळे मिटते तेव्हा
समोरचा बर्फाचा कारखाना ऐन भरात असतो.
लाद्या क्रशरमध्ये पडतात,
टेम्पो मागे येताना तीच ती धून वाजवतात,
जेटीवरचा लिलाव घरात शिरतो,
स्वप्नात कुणीतरी माझी बोली लावत असतं.

क्रशर चालवतो तो माझाच नवरा.
अकरा वर्षं.
त्याच्याच ओव्हरटाइमची खिडकी.
"म्हणजे मी आवाज करायचा, पगार आणायचा,
आणि त्याच पगारानं तू मला बाहेर ठेवणार,"
जयेंद्र म्हणाला. ओरडून म्हणाला.
तो सगळंच ओरडून म्हणतो आता.
मीठ दे. झोपलीस काय. काही नाही.
कानात बोळे घालत जा, मी सांगते.
"काय?"

स्वयंपाकघरातली ठेवली तशीच,
फणसाच्या लाकडाची, एक झडप सुजलेली.
तिथून हमिदा मांदेली दाखवते
आणि मी ओल्या हातानं भाव पाडते.
बंद काचेतून भाव पडत नाही.
मधल्या खोलीचीही ठेवली.
वीज जाते. वाऱ्याला कुठून तरी यायला हवं.

झोपायच्या खोलीत अश्फाकची पोरं दोन दिवस खपली.
लाल धूळ उशांत, चादरीत, माझ्या युनिफॉर्मच्या खिशात.
चिरा आणि चौकटीमधल्या फटीत फेस भरला.
तो फुगून बाहेर आला,
तेव्हा सुरीनं कापला, खरवस कापतात तसा.

पहिल्या सकाळी मी मूठ खाली फिरवली.
कारखाना गेला नाही.
दोन आळ्या पलीकडे सरकला फक्त,
दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याचा वाटला.

मग उरलेलं ऐकू यायला लागलं.
पंख्याचा एक ढिला स्क्रू.
पलीकडे फ्रिज.
आणि उशाजवळ ते घड्याळ,
ज्यावर रात्रभर मी लोकांच्या नाड्या मोजते.

जयेंद्रला सुट्टी होती.
दारात येऊन म्हणाला, झोप आता!
मिटलेल्या खोलीनं ते उचललं
आणि होतं तसं त्याच्या तोंडावर परत दिलं.
तो दचकला.
"एवढ्या मोठ्यानं बोलतो मी?"
तेही तेवढ्याच मोठ्यानं.

हो, मी म्हटलं.
त्याला ऐकू गेलं नाही. ओठांवरून समजलं.
दार त्यानं असं जपून ओढून घेतलं,
की कडी लागली कधी ते कळलंच नाही.

खिडकीची पावती उशाखाली होती.
मागच्या बाजूला पेननं लिहिलं:
मंगळवार, कानाची ओपीडी.
त्याचं नाव.
मग थोडा वेळ जागी राहिले,
झोप यायला काही हरकत नव्हती तरी,
आणि माझंही लिहिलं.