डावीकडची बैठक

अँप घेऊन मी तिसऱ्यांदा उतरलो
आइला कार्वोनेनच्या तळघरात.
बाहेर डुलुथ, उणे बावीस,
गोठलेलं सरोवर किनाऱ्याशी कडाकडा भांडत होतं
आणि खनिजाची जहाजं बंदरात बांधलेली,
मार्चची वाट बघत.

"पुन्हा तोच?"
पुन्हा तोच. डावीकडचा व्हॉल्व्ह.
शनिवारी, दुसऱ्या सेटमध्ये, आवाज आधी घोगरा झाला,
मग मागच्या जाळीतून लाल उजेड,
मग फ्यूज. मग नुसती ग्लासांची किणकिण.
नवा व्हॉल्व्ह मी बरोबरच आणला होता,
लोकरी मोज्यात गुंडाळून.
"एवढा लावून दे. उद्या कार्यक्रम आहे."

तिनं मोज्याकडे बघितलंही नाही.
स्क्रू काढले, एकेक करून बशीत ठेवले.
डावा हात खिशात घातला,
ही तिच्या वडिलांची शिस्त:
दोन्ही हात आत गेले
की वीज काळजावरून वाट काढते.
उजव्या हातानं, साठून राहिलेला दाब
एका तारेवाटे निववत गेली,
मीटरचा काटा शून्याला टेकेपर्यंत
चकार शब्द नाही.

मग डावा व्हॉल्व्ह दिव्यापाशी धरला.
"डोक्यावरचा हा चंदेरी डाग बघ, शाबूत आहे.
हवा शिरली असती तर दुधासारखा पांढरा पडला असता.
हा मेलेला नाही. भाजलाय."

डावा उजवीकडे बसवला.
उजवा डावीकडे.
स्पीकरची तार दोनदा तपासली, फ्यूज घातला.
"आता बघायचं, लाली कोणाबरोबर जाते.
व्हॉल्व्हबरोबर गेली तर खोट व्हॉल्व्हची.
तिथंच राहिली..."
आणि वाक्य तसंच सोडून तिनं दिवा मालवला.

अंधारात दोन नारिंगी वाती.
मिनिटभर काहीच नाही.
मग डावीकडे, त्याच जागी,
वर्षभर निमूट वाजलेला
तो उजवीकडचा गुणी व्हॉल्व्ह
पोटातल्या पत्र्यावर तांबूस होऊ लागला,
आधी नखाएवढा,
मग बघता बघता निखारा.
तिनं खटका पाडला.

"आधीचे दोन कुठं आहेत?"
फेकले.
"हं."

चिंचोक्याएवढा एक कपॅसिटर होता तो, तपकिरी.
सूर पुढे जाऊ द्यायचा, दाब मागे अडवायचा,
एवढंच त्याचं काम, चाळीस वर्षं.
आता तो दाब झिरपू देत होता.
"थोडासाच," ती म्हणाली, "पण सतत.
त्या बैठकीवर कुणीही बसव,
तांबडाच होणार."

मी स्टूल ओढून बसलो.

मंचावर माझ्या डाव्या हाताला ड्रमर असतो.
आधी वेंडल होता. त्याचा ताल पळतो, असं मीच सांगत फिरलो.
मग रोमान ब्यूशे, गोदीतला वेल्डर,
तो एका रात्री मधल्या सुट्टीतच निघून गेला,
झांजा मांडलेल्या तशाच ठेवून.
आता लिनिया आहे, तेवीस वर्षांची.
शनिवारी, फ्यूज उडायच्या बराच आधी
तिचे कान लाल झाले होते.
दोन गाण्यांच्या मधे मी काहीतरी बोललो होतो,
हसतच, माईकपासून तोंड वळवून.
थोडंसंच.

राळेचा धूर वर गेला, खिडकीच्या बर्फापाशी घुटमळला.
नवा कपॅसिटर, पिवळा, टॉफीसारखा दिसणारा.
काटा कुठं हवा ते तिनं पेचकसाच्या अर्ध्या वेढ्यानं लावलं,
पेन्सिलीनं छोट्या व्हॉल्व्हच्या माथ्यावर टिचकी मारली,
स्पीकरमधून टिंग.
"चौदा डॉलर. आणि हा मोजा घेऊन जा."

गाडी तापायला पंधरा मिनिटं लागतात या दिवसांत.
फोनमध्ये अजून आहे, 'वेंडल ड्रम'.
हातमोजा काढला.
काच आतून धुरकटत चालली होती.
परत घातला.
शेजारच्या सीटवर अँप,
पट्टा बांधून बसवलेला,
अजून कोमट.