चौसष्ट

खोव्दचं इस्पितळ, तळमजला.
बाहेर उणे एकतीस, आत नळ्यांची रांग.
यंत्र घरघरतं, थांबतं, कागदाची जीभ बाहेर काढतं:
गोंबोसुरेन, वय सदुसष्ट, मेंढपाळ,
बी काविळीनं पोखरलेलं यकृत.
अल्फा-फीटोप्रोटीन चौसष्ट.
दहाच्या आत हवं होतं.

खालची ओळ माझी.
सकाळी यंत्राची परीक्षा घ्यायला
मी माझंच रक्त घातलं होतं,
हाताशी असतं म्हणून.
माझंही चौसष्ट.
मला पाचवा संपत आलाय.

दोन्ही नळ्या शेजारी ठेवून बघत बसले.
रंग तोच. दाटपणाही तोच.
हे प्रथिन गर्भाचं यकृत घडवतं,
आणि जन्मानंतर हळूहळू सोडून देतं,
मूल रांगणं सोडतं तसं.
मग साठी उलटलेल्या माणसाच्या पोटात
कोण पुन्हा रांगायला लागलंय?

तो आला. बुटांवरचं बर्फ दारातच झटकलं.
"किती?"
"चौसष्ट."
"मेंढ्या असत्या तर कमी म्हटलं असतं."

मी सांगितलं, आकडा म्हणजे आजार नव्हे.
सुजलेलं यकृत स्वतःची डागडुजी करतानाही
हे बनवतं. सोनोग्राफी करू,
सहा आठवड्यांनी परत रक्त घेऊ,
चढतोय का बघू.

बराच वेळ तो टोपी फिरवत राहिला.
"म्हणजे ठसा दिसलाय.
लांडग्याचा की कुत्र्याचा, ते नाही कळत."
"हो."
"आणि बाटारचा?"

बाटार, त्याचा धाकटा भाऊ.
दोन वर्षांमागे याच यंत्रानं त्याला दिला होता
चार. फक्त चार.
घरी जाऊन त्यानं मेंढा कापला, गावाला जेवू घातलं.
गाठ तेव्हाही होती, मुठीएवढी,
मुकी.
कागदावर "योग्य" असं लिहिलेलं,
अक्षर माझं.

"त्याच्या बर्फावर ठसाच उमटला नाही,"
म्हातारा म्हणाला.
मला सोडवायला की टोचायला,
अजून कळलेलं नाही.

मार्चमध्ये परत आला.
एकसष्ट.
सोनोग्राफीत खडबडीत यकृत, गाठ दिसली नाही.
डॉक्टर दुलमानं तसंच लिहिलं, "दिसली नाही".
"नाही" असं लिहायला तिचा हात धजला नाही,
आणि मला ते आवडलं.

जाताना त्यानं टेबलावर आरूल ठेवलं,
दगडासारखं वाळलेलं दही.
"पोरीला."
"पोरगीच कशावरून?"
"कशावरूनच नाही."

माझा आकडा आता कुठे पोचलाय, मी बघितलेला नाही.
सकाळी यंत्राला हल्ली दुसऱ्याचं रक्त देते.

पुढची तारीख जूनची, घोड्यांना शिंगरं होतात तेव्हाची.
कागद हरवतो म्हणून त्यानं
कमरेच्या पट्ट्याच्या टोकाला गाठ मारली,
ओढून पाहिली,
आणि थोडी सैल केली.