कणा काढून

रऊफ म्हणाला, "तुकडे किती करू, मॅडम?"
म्हटलं, तुकडे नकोतच. फक्त पाठीचा कणा काढ,
मानेपासून शेपटीपर्यंत, कात्रीनं,
बाकीची आख्खी दे.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कोंबडीकडे,
मग गल्ल्यावर बसलेल्या मेहुण्याकडे.
"कणा फेकू?"
नको, दे. उद्या रस्सा होईल.

अमळनेरात असं कोणी मागत नाही.
इथं कोंबडी म्हणजे काळा रस्सा, वर बोटभर तर्री,
आणि जेवून उठल्यावर नाक पुसणारे पाहुणे.

घरी पाटावर तिच्या दोन्ही कडा बाहेर ओढल्या,
उताणी केली,
छातीच्या मधोमध तळहात टेकवला
आणि तोंडातून आपोआप निघालं,
श्वास घ्या. रोखून धरा.

कट्.

सोडा.

अठरा वर्षं मी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते.
हनुवटी वर, खांदे पुढे, हलू नका.
जिनिंगमधले येतात, गिरणीवाले येतात,
भरती निघाली की एकाच गावची वीस पोरं येतात.
सपाट झाल्याशिवाय माणसाच्या आतलं दिसत नाही.
कोंबडीचं वेगळं आहे:
जाड मांडी आणि पातळ छाती एका उंचीवर आली
की आच दोघींना सारखी पोचते.
हे कोंबडीपुरतंच खरं आहे, मला माहीत आहे.

आलं, लसूण, दही,
जळगावहून मावशीनं पाठवलेला काळा मसाला,
दगडफुलाचा वास हाताला दोन दिवस राहणार.
कातडीखाली बोट घालून
मसाला आत सरकवला, हळू, फाटू न देता.

भाडेकरारात लिहिलेलं नाही, पण ठरलेलं आहे:
चुलीच्या खोलीत फक्त शाकाहार.
बाकीचं गच्चीवर,
आणि वारा बोरी नदीकडे वाहत असेल तेव्हाच.
पौषातला वारा कधी कधी ऐकतो.

तुराट्या पेटवल्या, लोहाराकडची जाळी विटांवर ठेवली,
तर जिन्यातून कौतिकाबाई वर.
गळ्यात तुळशीची माळ, ओच्यात बामणोदची दोन वांगी,
पांढरट हिरवी, पायलीएवढी.
"पहिले मना वांगा. मंग तुनं काय शे ते."
विस्तव एकदाच पेटतो, तो आधी कोणाचा,
एवढाच प्रश्न होता.

वांग्यांची सालं काळी पडली, देठाशी फेस आला.
वांगी तिनं काढून घेतली, पण गेली नाही.
पदर नाकाला लावून पाठ करून बसली,
डांबरी गच्चीवर, पाण्याच्या टाकीकडे तोंड.
मी कोंबडी ठेवली, हाडांची बाजू खाली.

"जाळ नको करू. इस्तो पडू दे."
मी काड्या मागं ओढल्या.
चरबीचा एक थेंब पडला, चर्र.
मग दुसरा.
मग बराच वेळ काही नाही.
"वांगं बोलस," ती टाकीला म्हणाली,
"तुनं हाई बोलस का?"
मी म्हटलं, ऐका की.
ती ऐकत राहिली. मीही.
चर्र, चर्र, आणि मग आवाज जाड झाला,
ओल्या कापडावर इस्त्री फिरावी तसा.
"पलटाव आते."
मी पलटवली.
कातडी जिथं काळी पडायला लागली होती, नेमकी तिथं.
आयुष्यात एक तुकडा न खाल्लेल्या बाईला
पाठीनं दिसलं.

मांडीत सुई टोचली. पाणी गुलाबी.
पुन्हा टोचली. स्वच्छ.
"झालं वं?"
झालं.

रात्री दार वाजलं. वाटीभर भरीत,
कच्चं तेल, कांद्याची पात, मिरची ठेचलेली,
वर शेंगदाणे.
ताटात एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला ती,
मध्ये कळण्याची भाकरी.
धुराचा वास दोन्हींना एकच होता.
एकटीनं पाऊण कोंबडी संपवली. लपवत नाही.

आता वाटी घासून ओट्यावर ठेवली आहे.
रिकामी परत द्यायची नसते.
फ्रीजमध्ये कणा आहे, दही संपलं,
लिंबू होतं ते कोंबडीवर पिळलं.
डबे उघडून उघडून शेवटी साखर घेतली.
मग हात पुन्हा धुतले, साबण लावून,
आणि दुसरी साखर घेतली.