दोन गाठींचं अक्षर

पंधरा ऑगस्टला चार दिवस उरले की
वॉर्ड ऑफिसातून फोन येतो :
शिंगटे पेंटर, खांब.

एवढंच. खांब.
मग मी पिशवी भरतो.
काळा एनॅमल, टर्पेंटाइन, दोन नंबरचा ब्रश,
खालच्या ओळींसाठी पोटावर झोपावं लागतं
म्हणून कुणाच्या तरी पडलेल्या निवडणुकीचा फ्लेक्स,
आणि पामबीच ओलांडून
खाडीकडच्या गावठाणात शिरतो.

दिल्लीचंही पाहिलंय मी.
साडूच्या पोराला भरतीला घेऊन गेलो होतो तेव्हा.
केवढं थोरलं! साखळीच्या अलीकडून बघायचं.
वरती नावं होती, हजारोंनी.
मान मोडेस्तोवर बघितलं,
एकही लागलं नाही.
नावं रंगवून पोट भरणाऱ्याला
हे बरं वाटत नाही.
शिपायानं शिटी मारली. मागं सरलो.

हा खांब माझ्या खांद्याला लागतो.
साखळी इथंही आहे,
तिच्यावर एक परकर, दोन पंचे.
चौथऱ्यावर जाळं पसरून
एक जण गाठी मारत बसलाय,
नारळी पुनव तोंडावर आली.
मी म्हणतो, सरका जरा.
तो सरकतो, जरासाच.

नावं सतरा.
सगळी मिठासाठी आत गेलेली.
ज्यांच्या टाचा मिठानंच फुटल्या होत्या
ती माणसं मूठभर मिठासाठी
ठाण्याच्या तुरुंगात जाऊन बसली.
याचं हसू येतं मला, आणि मग येत नाही.

सहावं नाव : कालू पोसा मढवी.

अकरा वर्षं ब्रश इथंच अडखळतो.
मी माण तालुक्यातला.
ळ नीट येईना म्हणून मास्तरांनी
माझी बोटं पट्टीनं सोलली होती.
तेव्हापासून रस्त्यावर कुठंही चुकलेला ळ दिसला
की बोटं ठणकतात.
यंदा ठरवूनच आलो होतो.
ल च्या खाचेत पुट्टी भरली,
सुकू दिली, वर फुंकर घातली,
आणि टपोरा, डौलदार ळ काढला.
मास्तर असते तर म्हणाले असते, जमलं.

‘यो कोन?’

मागं गोमीबाय. हातात दूधपिशवी.
म्हटलं, आजी, चूक होती, दुरुस्त केली.
काळू. काळू पोसा मढवी.
तिनं चष्मा कपाळावरून खाली ओढला.
‘माजे आज्याचा नाव कालू.
आय कालू बोलाची, गाव कालू बोलाचा.
पोलीस आला, कागद वाचलान त्यानी, तुजेसारखा.
आजा बोलला, असा कोन नाय हितं.
दोन दिवस शोधत व्हते त्याला,
न् तो त्यांचेच मोरं बसून चिलीम ओढत व्हता.’

जाळंवाला हसला.
मी नाही हसलो.
म्हटलं, आजी, शुद्ध मराठीत—

तिनं बोट लावलं अक्षराला.
ओला रंग बोटाला आला,
तो तिनं पदराला पुसला नाही,
माझ्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्याच्या गालाला पुसला.
‘यो दोन गाठींचा तुज हाय.
तू घेऊन जा.’

आणि गेली. दूध नासेल म्हणून.

टर्पेंटाइननं रंग निघतो.
पुट्टी निघायला वेळ लागतो.
खिळ्याच्या टोकानं कोरत बसलो,
कण कण, पांढरी भुकटी,
तासाभरानं खाचेचा तळ लागला.
तिथं जुना रंग होता,
माझ्या आधीच्या कुणा पेंटरचा, हिरवा.
त्याला काही खटकलं नसेल,
किंवा तोही पुसून बसला असेल इथं.

मग तेच लिहिलं. कालू.
बोटं ठणकली.
ठणकू दिली.

सातव्या नावाला येईतो भुरभुर लागली.
परकर गोळा करायला कुणी आलं नाही.
जाळंवाला म्हणाला, पेंटर,
माझ्या होडीवर आयचं नाव टाकायचंय,
किती घेशील?
मी भाव सांगितला, आणि विचारलं, कसं लिहू?

‘बोलतो तसा,’ तो म्हणाला
आणि पुढची गाठ दातांत धरली.