दोरीचं भोक

शिवपुरी रोडला टेम्पोतून उतरलो
तेव्हा अकरा वाजले होते, आणि लू सुटलेली.
शालन म्हणाली, वाळवंटच आहे की गं तुमचं.
म्हटलं, वाळवंट पलीकडे, राजस्थानात.
जूनमध्ये ते इकडे पाहुणं येतं, इतकंच.

घोडपकरांची कोठी. तिकीट पन्नास, कॅमेऱ्याचे वेगळे.
दारावरचा रामसनेही, बत्तीस वर्षं इथल्याच नोकरीत,
आमच्याशी मराठीतच बोलून राहिला होता.
"चपला इथंच काढा ताई, आत फर्श ठंडी आहे.
आता वर पाहा. झुंबर. एकशे आठ दिवे.
हल्ली एकच बल्ब लावतो, तोही उडून जातो."

मी खाली पाहिलं.
एकतीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं,
मान वर जायची सवयच नाही.
फरशी वालुकाश्माची
आणि तिच्यावर लहरी, बोटाएवढ्या, एकीमागे एक,
कुणी न कोरलेल्या.
उथळ पाणी गेलं होतं इथून,
मासा नावाची गोष्ट जगात नव्हती तेव्हा.
सकाळी गेलं असेल, किंवा दुपारी.
मग वर आणखी वाळू आली, आणखी,
आणि ती दुपार दगडात तशीच राहून गेली.
तिच्यावर सरदारांनी गालिचा अंथरला.

इतकी हळू का चालतेस, शालननं विचारलं.
म्हटलं, पाण्यातून चालतेय.
तिला वाटलं, मला ऊन लागलं.
तिनं पर्समधून कांदा काढला.
(पुण्याहून निघताना कुणीतरी बजावलं होतं,
ग्वाल्हेरला जातेस तर कांदा जवळ ठेव.)

जेवणाच्या दालनात कापडी पंखा,
टेबलाइतका लांब, लाल झालरीचा,
मधेच थांबलेला.
त्याची दोरी भिंतीत शिरत होती.
पलीकडे काय आहे?
"काही नाही ताई. तिकडचं तिकीट नसतं."
मग त्यानंच किल्ली काढली.

अरुंद बोळ, पश्चिमेला उघडा.
एक माणूस बसेल एवढा. झोपेल एवढा नाही.
भिंतीत रुपयाएवढं भोक
आणि भोकाच्या खालच्या ओठाला खाच,
गुळगुळीत, अंगठा बसेल इतकी खोल.
दगड कशानं झिजतो, मी फळ्यावर लिहीत असे:
वारा. पाणी. तापमानातला फरक.
मुलं उतरवून घेत.

भोकाला डोळा लावला.
टेबलाचा मधला तुकडा दिसला,
दोन खुर्च्यांच्या पाठी.
आतली गार हवा डोळ्याला लागली.
"नावं आहेत का कुणाची?"
"जुन्या वहीत आहे ना. पंखेवाले, चार नग."
थोडा थांबून म्हणाला,
"आमच्या घरी म्हणतात, त्यातला एक आमचा होता.
पण घरी काय, काहीही म्हणतात."

तेवढ्यात आंधी आली.
पिवळी, बोळाच्या तोंडातून सरळ आत.
एकोणीस दारं. रामसनेही धावला, आम्हीही धावलो,
मी पाच लावली, शालननं दोन,
एकीत तिचा पदर अडकला.
वाळवंट तरी आलंच,
दाराखालून, खिडक्यांच्या फटींतून,
त्या भोकातून बारीक रेघ धरून,
टेबलावर, खुर्च्यांवर,
आणि फरशीवरच्या लहरींत जाऊन बसलं
जसं काही आपल्याच घरी.
"सकाळी झाडलं होतं," रामसनेही म्हणाला.

परतताना दातांखाली कचकच.
शालनच्या मांडीवर कांदा, तसाच.
एवढा वेळ त्या भिंतीशी काय बघत होतीस?
मी तिला अंगठा दाखवला.
त्याला काहीच लागलेलं नव्हतं.