पाय टेकवायला जमीन

सार्मिएन्तोच्या धावपट्टीलगत माझं पत्र्याचं गॅरेज.
एका दाराने मोटारसायकली येतात, दुसऱ्याने विमानं.
दोन्हींना पान्हा एकच लागतो,
नखांतलं वंगणही तेच.

नेलिदा म्हणते, इंजिन बंद पडलं तर मी काय करते?
कडेला घेते. पाय टेकवते.
इवोरला कुठाय टेकवायला जमीन?
इवोर हसतो. त्याच्या आकाशात
वळणावर सांडलेली खडी नाही,
पेंगुळलेला ट्रकवाला नाही,
झुडपातून उसळणारा ग्वानाको नाही,
ज्याने दोन वर्षांमागे तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं
आणि वळूनही न बघता चालता झाला.
"तू दुसऱ्याच्या चुकीने मरशील," तो म्हणतो,
"मी मेलो तर माझ्या."
हे अशा थाटात,
जणू त्या चुकीचा सातबारा त्याच्याच नावावर आहे.

मी दोघांसोबत गेलेय, एकेकदा.
तिच्यामागे बसले तेव्हा मेंढ्यांचा वास आला,
ओल्या गवताचा, जळक्या तेलाचा,
आणि वळणावर रस्ता
गुडघ्यापाशी येऊन काहीतरी पुटपुटून गेला.
त्याच्यासोबत वर गेले तर
वास नाही, वेगसुद्धा जाणवेना.
नुसतं मुस्तेर्स तळं, शेवाळी,
आणि माझं गॅरेज खिळ्याच्या माथ्याएवढं.
तिथून उधारीची वही दिसत नव्हती.

जुलैत समोरच्या वाऱ्याने त्याचं पेट्रोल पिऊन टाकलं.
काटा त्याने पाहिला होता. पाहून "पुरेल" म्हणाला होता.
हा शब्द मी दोघांच्याही तोंडून ऐकलाय.
उतरला तो सव्वीस नंबरच्या रस्त्यावर,
पांढऱ्या रेघेवर नाक ठेवून,
आणि त्या वाटेने पहिली आली ती नेलिदाच.
पंखाच्या आडोशाला बसून
दोघं येर्बाचा कडू चहा प्यायले, एकाच नळीने,
एकमेकांच्या यंत्राकडे बघत म्हणाले,
"वेड लागलंय तुला."

मग ती कॅन घेऊन माझ्याकडे आली.
भरताना मी काही बोलले नाही.
त्या विमानाचा शेवटचा नट मीच आवळला होता,
तिच्या पुढच्या चाकाचाही.

अजून रात्री उठून बसते,
अंधारात मनगट फिरवून बघते:
किती फेरे दिले, कुठे थांबले.

त्यांच्या वाट्याला वारा.
माझ्या, हे.