शेरा

सकाळी सहा ते दुपारी दोन
मनिवान काचेसमोर बसते.
काचेपलीकडे माशांचा जिना:
सिमेंटच्या बावीस पायऱ्या, त्यांवरून उतरणारं पाणी.
हातात अंगठ्याएवढं यंत्र.
मासा वर जाताना दिसला की दाबायचं.

फॉर्मवर रकाने तीन. लहान, मध्यम, मोठा.
तिच्या आईपाशी याच नदीतल्या माशांची
साठाच्या वर नावं होती,
त्यातलं एक तर नुसतंच
‘लग्न आटोपल्यावर येणारा’.

मनिवानला धरणाचा राग नाही,
निदान रोज नाही.
नव्या वस्तीत पत्र्याखाली दिवा लागतो,
बटण दाबलं की भात शिजतो,
मुलगा रात्री अकरापर्यंत भूमिती गिरवतो.
जाड तारा मात्र वस्तीवरून तशाच पुढे जातात,
डोंगर ओलांडून, मेकाँग ओलांडून,
परमुलखातल्या शहराकडे.
तिथे दुपारी एसी सुरू झाले
की इथे दरवाजे उघडतात
आणि काठावरचे मोहरीचे वाफे बुडतात.

नदीला आता वार कळतात.
रविवारी तिकडची ऑफिसं बंद,
म्हणून रविवारी नदी घोट्याएवढी.
म्हातारा थोंगसी जाळं खांद्यावर टाकून
चिखलात उभा राहतो, तिला विचारतो,
‘काय बाई, आज सुट्टी?’

मे महिन्यात एक मासा आला.
डाव्या कल्ल्यामागे जुन्या जाळ्याचा व्रण.
काचेसमोर थांबला, वर गेला. टिक.
वर त्याला काय दिसलं कोण जाणे.
पाणी असेल, पुष्कळ असेल,
पण कुठून येतंय ते न सांगणारं.
संध्याकाळी तो खाली वाहत आला.
परत येणाऱ्याला रकाना नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. टिक.
पावसाळा लागेपर्यंत एकोणीस वेळा.

वर्षअखेरीच्या गुळगुळीत अहवालात
आलेखाची रेघ चढत गेली होती.
खाली तीन भाषांत छापलं होतं :
मासे वाढले आहेत.

त्या दिवशी मनिवानने फॉर्मच्या तळाशी,
जिथे कुणीच कधी काही लिहीत नाही,
त्या ‘शेरा’समोर लिहिलं,
हा तोच आहे.

साहेबाने विचारलं, तोच म्हणजे कोण?

आईने सांगितलेलं नाव
तिच्या जिभेपर्यंत चढून आलं,
थांबलं,
आणि खाली गेलं.